पालखीचे छायाचित्र

छायाचित्रे काढण्याचा नाद आम्हांस लागला तो फिल्मच्या काळात. छत्तीस चित्रांची एक गुंडाळी महिनाभर पुरवावयाची, आणि धुऊन आली की आल्यागेल्यासमोर चित्रे पसरावयाची, असा आमचा क्रम असे. पाहणारे ‘छान!’ म्हणत आणि चहा घेऊन जात. या ‘छान’वर आमची काही वर्षे मोठ्या सुखात गेली.

एकदा गावच्या देवळातील जत्रेत आम्ही पालखीचे चित्र काढले. पालखीवरची चांदी, अबोलीचे हार, मूर्तीच्या मुखावरचा प्रकाश, सारे स्वच्छ उतरले होते. मंडळींनी वाहवा केली. भोयांपैकी एक वृद्ध गृहस्थ मात्र ते चित्र बराच वेळ हातात धरून उभे होते. शेवटी म्हणाले, “फोटो बरो आयला. पूण आमी खंय?”

आम्ही पुन्हा पाहिले. पालखी चौकटीत भरून यावी म्हणून आम्ही इतके जवळ गेलो होतो की, वाहणाऱ्यांचे खांदे तेवढे आले होते, मुखे कापली गेली होती. ज्यांच्या खांद्यावर देव निघाला होता, ते चित्रात नव्हतेच! पुढच्या जत्रेत आम्ही दहा पावले मागे सरलो.

इतके शिकूनही आम्ही शहाणे झालो नाही, हे सांगावयास संकोच वाटतो. पुढे आम्ही काही हौशी मंडळी एकमेकांची चित्रे पाहावयास दर महिन्यास अग्रशाळेत जमू लागलो. एके दिवशी कॉलेजात शिकणारा एक मुलगा मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभाचे चित्र घेऊन आला. स्तंभ मागे कलल्यासारखा दिसत होता. “हा दीपस्तंभ, की पडावयास आलेला माड?” असे आम्ही म्हणालो. मंडळी हसली, मुलगाही हसला, आणि पुढच्या महिन्यापासून आला नाही.

वास्तविक दोष साधा होता. जवळ उभे राहून कॅमेरा वर कलता धरला की उंच वास्तूच्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. मागे सरून तो समपातळीत धरला की सरळ राहतात. हे सांगावयास अर्धे मिनिट पुरले असते. शिवाय दिवे लागल्यावर, परंतु आकाशात निळाई शिल्लक असतानाच, त्याने चित्र टिपले होते. त्यामुळे ज्योतीही दिसत होत्या आणि स्तंभही काळोखात बुडाला नव्हता. ती वेळ आम्हांस कैक वर्षे साधली नव्हती. त्याबद्दल आम्ही अवाक्षर काढले नाही.

राजा दीनदयाळ हेही आरंभी हौशीच. इंदुरास बांधकाम खात्यात नोकरी करीत असता १८७४ च्या सुमारास ते छायाचित्रणाकडे वळले. सर हेन्री डेली या अधिकाऱ्याने त्यांस उत्तेजन दिले, आणि पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांच्या पहिल्या चित्रांस कोणी माडाची उपमा दिली असती तर?

भजनात कोणाचा ताल चुकला तर पखवाजवादक ओरडत नाही. तो सम अधिक स्पष्ट वाजवितो, आणि गाणारा जागेवर येतो. आम्ही जन्मभर भजने ऐकली. हे मात्र ऐकले नव्हते.

दोन वर्षांनी तो मुलगा जत्रेत भेटला. गळ्यात कॅमेरा नव्हता. आम्ही त्यास बाजूस घेऊन रेषांची गोष्ट सांगितली, निळ्या आकाशाबद्दल सांगितले, आणि क्षमा मागितली. तो ओशाळला. मग पिशवीतून पालखीचे नवे चित्र काढून आम्ही त्याच्या हाती दिले व यात काय चुकले ते सांग, म्हणून विनविले.

बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, “भोयी सगळे दिसतात, काका. पूण पालखी खंय वता तें कळना.” पुढे थोडी मोकळी जागा ठेवावयास हवी होती, असे त्याचे म्हणणे.

ते खरे होते. त्या महिन्याच्या बैठकीस तो आला; उशिरा आला, आणि दाराजवळ बसला.