पाडावाची नोंद

हवाई युद्धाच्या कथाकादंबऱ्यांत ढग, धूर आणि वीरश्री यांचा पुरवठा नेहमीच मुबलक असतो; परंतु ज्याने लढाऊ विमानाच्या खुर्चीत बसून स्वतः शत्रूचा पाठलाग केला आहे अशा लेखकाची कादंबरी हाती आली, की आभाळात जे घडते त्याचा निकाल जमिनीवरच्या दप्तरात लागतो, आणि लेखकाची नजरही त्या दप्तरावरच खिळलेली आहे, हे हळूहळू ध्यानात येऊ लागते.

जेम्स सॉल्टरची 'द हंटर्स' ही 1956 सालची कादंबरी या जातीची. सॉल्टर हे टोपणनाव. मूळचा हा गृहस्थ जेम्स होरोविट्झ, अमेरिकी हवाई दलातला अधिकारी, 1952 साली कोरियाच्या युद्धात सेबर जातीच्या जेट विमानातून 100 हून अधिक मोहिमा केलेला आणि पदरी शत्रूचे अवघे एक मिग जातीचे विमान पडलेला. पुस्तक निघाले तेव्हा तो अजून नोकरीत होता; पुढल्याच वर्षी त्याने राजीनामा दिला. शंभर आणि एक यांच्यामध्ये जी वैराण जागा पडते, तीतच ही सारी कादंबरी वसलेली आहे, असे मला वाटत आले आहे.

दक्षिण कोरियातल्या किम्पोच्या तळावरून चार-चारांच्या तुकडीने निघालेली सेबर विमाने यालू नदीपर्यंत जात. नदीपलीकडचा चीनमधल्या मांचुरियाचा मुलूख हुकुमाने वर्ज्य, आणि मिग तर तिथूनच उडत. डोळ्यांत गेलेल्या कुसळाएवढा ठिपका आधी ज्याला दिसेल त्याने पंखांखालच्या इंधनाच्या जादा टाक्या सोडून द्यायच्या आणि झेप घ्यायची. न दिसला तर त्याच टाक्यांनिशी मुकाट परतायचे. पण मिग पाडले म्हणजे पाडले असे नव्हे. सहा मशीनगनांबरोबर चालणाऱ्या कॅमेऱ्याची फिल्म किंवा पाठीराख्या वैमानिकाची साक्ष दाखल झाली, की मग मंजुरी आणि विमानावर तांबडा तारा. असे पाच झाले की 'एस' हा किताब. मरणाच्या व्यवहारालाही महसुली खात्याचा शिरस्ता लागतो, याचे नवल मला कधी ओसरले नाही.

कादंबरीचा नायक क्लीव्ह कॉनेल निष्णात वैमानिक, पण त्याचा आकडा वाढत नाही. सोबत्याला वाऱ्यावर सोडून शिकार साधणारा पेल मात्र वरिष्ठांचा लाडका होतो, कारण वरिष्ठांनाही आपल्या पथकाचा आकडा वर पाठवायचा असतो. अखेरीस क्लीव्ह 'केसी जोन्स' नावाने ओळखल्या जाणाऱ्या शत्रूच्या नामांकित वैमानिकाला पाडतो. परतताना इंधन संपून त्याचा पाठीराखा हंटर कोसळून मरतो, आणि इकडे कॅमेरा चाललाच नव्हता असे निष्पन्न होते. साक्षीदार कोण, असा प्रश्न येताच क्लीव्ह सांगतो, की ते मिग हंटरने पाडले आणि त्याचा साक्षीदार मी.

याला त्याग म्हणण्याचा मोह होतो, पण ते फार गुळगुळीत झाले. मला त्यात सुडाचा अंश दिसतो. ज्या वहीसाठी माणसे मित्रांनाही विसरली, त्या वहीत त्याने एक खोटी नोंद कायमची घुसवून दिली, आणि तीही सारे कायदेकानू पाळून. 1958 साली रॉबर्ट मिचमला घेऊन या कादंबरीवर चित्रपट निघाला, त्यात हा शेवट गाळून भलतेच साहस घातले आहे. विमाने पडद्यावर झकास उडतात. वहीतली खाडाखोड पाहायला तिकीट कोण काढणार?