अजिंठ्याची सावळी राजकन्या

फर्दापूरला एस.टी.तून उतरून आम्ही वाघूर नदीकाठची अजिंठा लेणी पाहायला गेलो. लेणे क्रमांक १ मध्ये सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची भित्तिचित्रे आहेत. तिथे दागिने ल्यालेली काळीसावळी राजकन्या पाहून आम्ही थबकलो. राजवैभव एकट्या गोऱ्या रंगालाच शोभते, असे त्या चित्रकाराने मानले नाही.

मग काळ्या रंगाला कमीपणा का? उन्हात राबणारा काळवंडतो, सावलीत बसणारा उजळ राहतो. म्हणून रंगावरून माणसाची पायरी जोखली जाते. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. २०२० साली नावातले ‘फेअर’ गेले, पण मुलगी पाहताना रंग पाहणे गेले नाही.

मायबहिणींनो, उन्हात राबूनच आपली घरे उभी राहिली. लेकींना ही राजकन्या जरूर दाखवा.