यतीमाचा हिस्सा आणि ‘ए.कु.मॅ.’ची नोंद

पर्सनल लॉ वाचवण्याच्या सभांना आपण गर्दी करतो. पण घरात भाऊ वारला की त्याच शरीयतने ठरवलेला हिस्सा त्याच्या मुलांना मिळतो का?

मी दर्यापुरात उर्दू आणि मराठी शिकवतो. सातबारा मराठीत असतो, म्हणून उर्दूत शिकलेले पालक कागद घेऊन येतात. मागे एका विद्यार्थिनीची आई आली. पती वारलेले, पाठीमागे एक मुलगा, दोन मुली, तिघेही अज्ञान. पतीच्या 8 एकर शेताच्या सातबाऱ्यावर आता दिराचे नाव आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’. म्हणाल्या, “सर, शेत दीरच पाहतात. मले कागदातलं काय समजते?”

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही कल्पना हिंदू कायद्यातली. शरीयतमध्ये माणूस गेला त्या क्षणीच प्रत्येक वारसाचा हिस्सा त्याचा स्वतःचा होतो. दफनाचा खर्च, कर्ज व थकलेला मेहर, मग एक तृतीयांशपर्यंतची वसीयत वजा करून उरते ते वारसांचे. इथे असे काही देणे नव्हते. आईवडीलही हयात नव्हते. हिशेब सरळ होता: पत्नीला 1 एकर, मुलाला साडेतीन, प्रत्येक मुलीला पावणेदोन. मुलगा असताना दिराला काहीच नाही.

हे दुखणे जुने आहे. उहुदमध्ये शहीद झालेल्या सअद बिन रबीअ (रजि.) यांची सगळी मालमत्ता त्यांच्या भावाने घेतली. पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) गेल्या. वारसाहक्काची आयत उतरली आणि भावाला हुकूम झाला: मुलींना दोन तृतीयांश, आईला एक अष्टमांश, उरेल ते तुझे. सूरह निसाच्या 6व्या आयतीत यतीमाचा माल परत देताना साक्षीदार ठेवायला सांगितले आहे. 10वी आयत म्हणते, यतीमाचा माल जुलमाने खाणारे पोटात आग भरतात.

कायदाही स्पष्ट आहे. अज्ञान मुलांच्या मालमत्तेचा पालक चाचा आपोआप होत नाही, आईसुद्धा नाही. बाप, आजोबा किंवा त्यांनी वसीयतीने नेमलेला माणूस हयात नसेल, तर 1890च्या पालक कायद्याखाली जिल्हा न्यायालयाकडून नेमणूक करून घ्यावी लागते. अशा पालकालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय जमीन विकता किंवा गहाण ठेवता येत नाही.

म्हणून बायांनो, वारस नोंदीत सर्वांची नावे आलीत का ते पाहा. फेरफाराची नोटीस वाचून घ्या, हरकत असेल तर लेखी द्या आणि पोच मागा. हक्कसोडपत्रावर समजल्याशिवाय अंगठा देऊ नका. दरवर्षी कापूस, तूर, हरभऱ्याचा हिशेब वहीत लिहून घ्या.

त्या बाईंनी नोंदीविरुद्ध अर्ज दिला आहे. दिराने पिकाचा हिशेब अजून दिलेला नाही. मोहल्ल्यातले वडीलधारे म्हणतात, घरची गोष्ट कचेरीत नेली. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: ती घरात असताना तुम्ही साक्षीदार म्हणून बसला असतात, तर कचेरीची पायरी कोणी चढले नसते.