नियम पाठ नको, कारण हवे

आपल्या कामगार वस्त्यांत विजेचे काम करणारा माणूस नाही अशी गल्ली शोधून सापडायची नाही. कुणी कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली भिंतीला खाचा मारतो, कुणी बिल्डिंगमध्ये वायर ओढतो, कुणी पंखे नि मिक्सर दुरुस्त करतो. जयंती आली की कमानीवर चढून रोषणाई करणारी पोरेही हीच. हा धंदा आपल्या माणसाने जवळ केला त्याला कारण आहे. सुतारकी, लोहारकी, सोनारकी हे बापजाद्यांचे धंदे. त्यांत बाहेरच्याला शिरकाव नव्हता. वीज मात्र काल-परवा आली. ती कुणाच्या आजोबाची नव्हती. ज्याने पकड आणि टेस्टर हातात घेतला तो वायरमन झाला.

पण हाताचे काम आपल्याकडे आले, कागद आला नाही. खाच मारणारा आपला, वायर ओढणारा आपला, आणि काम संपल्यावर टेस्ट रिपोर्टवर सही करणारा दुसराच. त्या सहीचा अर्थ असा की, हे काम नियमाप्रमाणे झाले आहे. ते नियम कोणते, हे मात्र ज्याने काम केले त्यालाच कुणी सांगितलेले नसते.

आम्ही काही जुने वायरमन वस्तीतल्या विहारात रविवारी या मुलांचा वर्ग घेतो. वर्गात आयटीआयला तारतंत्री किंवा वीजतंत्री शिकणारी मुले आहेत, शाळा सोडून थेट कामाला लागलेलीही आहेत. दोन मुली आहेत. वंदना झाली की फळा पुढे ओढायचा आणि दोन तास बसायचे. या वर्गाने आम्हाला जे शिकवले ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

आधी नियमांविषयी थोडे. आपल्या देशात विजेच्या सुरक्षिततेचे नियम बरीच वर्षे १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होते. २००३ साली नवा वीज कायदा आला. त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली सुरक्षेचे नवे विनियम केले आणि २०२३ साली ते पुन्हा नव्याने आणले. याशिवाय भारतीय मानकांची पुस्तके आहेत. घरातल्या वायरिंगसाठी आयएस ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३, आणि या सगळ्यांचे सार सांगणारी राष्ट्रीय विद्युत संहिता, जी पहिल्यांदा १९८५ साली निघाली.

हे सारे इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेला पोरगा ते पुस्तक उघडतो आणि मिटतो. म्हणून आम्ही पहिल्या रविवारी दोनच शब्द फळ्यावर लिहितो, 'शॅल' आणि 'शुड'. शॅल म्हणजे 'केलेच पाहिजे'. शुड म्हणजे 'करावे, केलेले बरे'. पहिल्यात सूट नाही, दुसऱ्यात सल्ला आहे. एवढा भेद कळला की निम्मे पुस्तक वाचता येते. मग सांगतो, आधी व्याख्या वाचा, मग नियम वाचा, आणि नियमाच्या शेवटी अपवाद आहे का ते बघितल्याशिवाय पान उलटू नका.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक ठिकाणी परीक्षेसाठी नियम पाठ करून घेतात. परीक्षा होते, परवाना मिळतो आणि नियम विसरला जातो. आम्हाला वेगळी वाट दिसली ती आपल्या धम्मातच. विनयपिटकात भिक्षूंसाठी नियम आहेत. पण तो नियम का करावा लागला, काय घडले होते, ही हकिकत त्याच्यासोबत दिलेली असते. आपण दरवर्षी पाळतो तो वर्षावासच घ्या. भर पावसात भिक्षू फिरतात, कोवळे हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव पायाखाली मरतात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा तथागतांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. आधी माणसाचे दुःख, मग नियम. विजेचा नियमही असाच आहे. त्याच्यामागे कुठेतरी कुणाचे तरी घर जळालेले असते, कुणाचा तरी मुलगा गेलेला असतो. म्हणून आम्ही नियम सांगतो तो कारणासह.

नियम असा की, बटण फेजवरच असले पाहिजे आणि न्यूट्रलवर एकटा फ्यूज किंवा एकटे बटण घालायचे नाही. का? बटण न्यूट्रलवर असले तरी दिवा विझतो. घरातल्या बाईला वाटते, लाईट बंद आहे. ती स्टुलावर चढून बल्ब बदलायला हात घालते आणि होल्डरमध्ये फेज जिवंत असते. दिवा विझणे आणि वीज बंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढे कळले की तो नियम पोरगा जन्मात विसरत नाही.

दुसरा नियम. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि भार ८०० वॅटच्या पुढे नको. आम्ही मुलांना गणित घालतो. ८०० ला २३० ने भागा. साडेतीन अँपिअरच्या आसपास येते. आता त्याच वायरवर २००० वॅटचा हीटर लावा. ८.७ अँपिअर झाले. करंट अडीचपट झाला. वायर किती तापेल? मुले म्हणतात, अडीचपट. नाही! उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. अडीच गुणिले अडीच, म्हणजे सव्वासहापट. मग भिंतीच्या आत पाइपमध्ये त्या वायरचे प्लास्टिक मऊ पडायला लागते. फ्यूज वारंवार जातो म्हणून कुणीतरी जाड तार घालतो, आणि आगीला अडवणारी शेवटची वस्तूही संपते.

हे गणित जमले तेव्हा वर्गातल्या एका मुलीने विचारले, "सर, आमच्या शेजारच्या ताईंनी इंडक्शन शेगडी दिव्याच्या बोर्डावर लावलीय. जुन्या पुस्तकात इंडक्शनचं नावच नाही. मग नियम कुठला?" आम्ही उत्तर दिले नाही. तिनेच शेगडीच्या पाठीवरचे वॅट वाचून आणले, भागाकार केला आणि शेजारणीला जाऊन सांगितले की याला वेगळी अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि १६ अँपिअरचा सॉकेट हवा. याला म्हणतात नियम लावता येणे. पाठ केलेला नियम पुस्तकातल्या वस्तूपुरता असतो. कारण कळले की उद्या येणाऱ्या वस्तूलाही तो लागतो.

तिसरा नियम अर्थिंगचा, आणि तो शिकवताना आमचा आवाज आजही जड होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका वस्तीत मंडपाच्या लोखंडी पाइपात करंट उतरला. रोषणाईच्या वायरचा सांधा उघडा होता, आकडा टाकून वीज घेतली होती, मध्ये ना फ्यूज ना अर्थ. पाइप धरून उभा असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा गेला. पोर मेहनती होते, मंडपाचे सगळे काम त्यानेच अंगावर घेतले होते. आम्ही वर्गात अर्थिंग शिकवतो ते त्याच्या हकिकतीपासून. लोखंडाला अर्थ असती तर करंटला जमिनीत जायला माणसापेक्षा सोपी वाट मिळाली असती. मध्ये योग्य फ्यूज असता तर तो उडाला असता.

इथे माता-भगिनींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घरात एमसीबी आहे म्हणजे माणूस सुरक्षित, असे नाही. १६ अँपिअरचा एमसीबी वायर तापू लागली तर पडतो. पण माणसाचा जीव घ्यायला एका अँपिअरचा छोटा भागही पुरतो. तेवढ्याने एमसीबी हलत नाही. त्यासाठी आरसीसीबी हवा. तो जाणारा आणि परत येणारा करंट मोजत राहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठेतरी गळती झाली, की तो क्षणात वीज तोडतो. त्यावर चाचणीचे छोटे बटण असते. महिना-दोन महिन्यांनी ते दाबून बघावे. खटका पडला नाही तर वायरमनला बोलवावे.

एवढे सगळे शिकून पोरगा कामावर जातो आणि खरी परीक्षा तिथे होते. आमच्या वर्गातला एक जण एका इमारतीत कामाला होता. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "चालू लाईनवर जोडून टाक. पाच मिनिटांचं काम, मेन कशाला पाडतोस?" मुलगा म्हणाला, "शेठ, पाच मिनिटांचंच काम आहे ना, मग पाच मिनिटंच लाईट जाईल." त्याने मेन पाडला, फ्यूज काढून खिशात ठेवला, टेस्टर आधी चालू जागी लावून तो ठीक असल्याची खात्री केली, मग कामाच्या जागी लावला, आणि काम पुरे केले. चालू तारेला हात घालण्याआधी ती मृत करायची, हा नियम १९५६ सालापासून कागदावर आहे.

दुसऱ्या दिवशी त्याला कामावर बोलावले नाही. अकरा दिवस तो घरी बसला.

पुढच्या रविवारी मुलांनी आम्हाला सरळ विचारले, "नियम शिकून रोजी जात असेल तर शिकायचं कशाला?" प्रश्न खरा होता. ज्याच्या घरी संध्याकाळच्या तांदळाची सोय रोजच्या कमाईवर आहे, त्याला जिवाचे महत्त्व सांगणे सोपे नसते. जीव कुणाला नको असतो? पण भूक आज असते आणि शॉक उद्या बसेल-न बसेल.

त्या दिवशी फळा बाजूला राहिला. बोलता बोलता एक गोष्ट स्पष्ट झाली. नियम एकट्याच्या तोंडी असला तर तो उर्मटपणा ठरतो. दहा जणांच्या तोंडी असला तर ती कामाची रीत ठरते. मुलांनी ठरवले की अशा कारणाने कुणाची रोजी गेली तर त्याच्या जागी वस्तीतला दुसरा कुणी जाणार नाही, आणि तो घरी बसेल तेवढे दिवस बाकीचे थोडे थोडे पैसे काढतील. त्या कॉन्ट्रॅक्टरने दुसरीकडून माणसे आणली. आमच्या मुलाला पुढे दुसरीकडे काम मिळाले. लढाई जिंकली असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या अकरा दिवसांत त्याच्या घरची चूल विझली नाही, आणि वर्गातली हजेरी कमी झाली नाही.

बाबासाहेबांनी शिक्षणाला संघटनेची जोड का दिली, हे अशा वेळी कळते. वीज तर त्यांचाच विषय. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते आणि विजेचे धोरण त्यांच्या खात्याकडे होते. १९४३ च्या ऑक्टोबरात वीजविषयक धोरण समितीचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. दारिद्र्यातून सुटायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांना मुबलक, स्वस्त वीज हवी, असा त्यांचा विचार होता. कामगारांचा मंत्री आणि विजेचा मंत्री एकच होता, ही गोष्ट आपल्या वायरमन पोरांना कुणीतरी सांगायला हवी.

म्हणून आई-वडिलांना आमची विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी विजेच्या कामाला लागली असेल तर नुसती कमाई विचारू नका. परवान्याचे काय झाले तेही विचारा. वायरिंगचे काम परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरनेच, पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या माणसाकडूनच व्हावे, असे कायदा सांगतो. १९५६ च्या नियमांत तो ४५ वा नियम होता. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्याएवढ्या कामांना त्यात सूट होती. विजेने माणूस दगावला की विद्युत निरीक्षकाला कळवावे लागते आणि चौकशी होते. तेव्हा काम नियमाने झाले होते का, हा प्रश्न निघतो आणि सगळा दोष बिनपरवान्याच्या पोरावर ढकलायला सगळे तयार असतात. जो मेला तो उत्तर द्यायला नसतो.

जयंती मंडळांनाही सांगणे आहे. मंडपाला तात्पुरते कनेक्शन रीतसर घ्या. आकडा टाकणे ही कायद्याने चोरी आहे, आणि त्याच्यामागे जीव वाचवणारे काहीच नसते. वर्गणीतले थोडे पैसे एका आरसीसीबीसाठी आणि अर्थिंगसाठी बाजूला काढा. कमान दोन हात कमी उंच झाली तरी चालेल.

प्रत्येक विहारात एक फळा असतो. रविवारचे दोन तास मिळाले आणि वस्तीतला एक अनुभवी वायरमन पुढे आला तर असा वर्ग कुठेही उभा राहतो. टेस्ट रिपोर्टवर सही करणारा हातही एक दिवस आपला होईल. तोपर्यंत खाच मारणाऱ्या हाताला निदान त्या सहीचा अर्थ ठाऊक असू द्या.

जयभीम!