जुनी खुंटी

काही धंद्यांचे एक बरे असते. ‘गिरणीत होतो’, ‘पोलिसात आहे’, ‘रेल्वेत लागला’ एवढे म्हटले की नायगावात पुढचे काही सांगावे लागत नाही. माझ्या नोकरीचे तसे नाही. जी हाताला लागत नाहीत अशा यंत्रांची मी देखभाल करतो, असे म्हटले की आई संशयाने पाहते आणि विचारते, “पगार तरी खरा आहे ना?”

शेवटी आमची बी. डी. डी. चाळच माझ्या मदतीला धावून आली. 1920 नंतरच्या दशकात बांधलेली ही इमारत एक. खोल्या मात्र 80. खोली 160 चौरस फुटांची, पण प्रत्येकीत स्वतंत्र बिऱ्हाड. तसाच एक मोठा संगणक घ्यायचा आणि त्याच्या पोटात वीस-पंचवीस संगणक बिऱ्हाडाला ठेवायचे. प्रत्येकाला वाटते, अख्खे यंत्र आपलेच! यांना म्हणतात आभासी यंत्रे. आमच्या धंद्यात मोठ्या यंत्राला ‘होस्ट’ म्हणजे यजमान आणि आतल्याला ‘गेस्ट’ म्हणजे पाहुणा म्हणतात, हे ऐकून आईला त्या यंत्रांविषयी एकदम जिव्हाळाच वाटू लागला.

हा पाहुणा उठल्याबरोबर प्रोसेसरला, म्हणजे यंत्राच्या मेंदूला, विचारतो, “बाबा रे, तुला काय काय येते?” हे विचारण्यासाठी ‘सीपीयूआयडी’ नावाची आज्ञाच आहे, इंटेलच्या 1993 सालच्या पेन्टियममध्येही ती होती. उत्तर ऐकून पाहुणा आपल्या कामाची रीत ठरवतो, आणि एकदा ठरवल्यावर सहसा पुन्हा विचारीत नाही. आभासी यंत्राच्या बाबतीत मात्र हे उत्तर काय द्यायचे ते यजमानाच्या हाती असते. अंगचे काही गुण तो झाकून ठेवू शकतो.

झाकायचे कशासाठी? तर यजमान बदलतात म्हणून. एखाद्या यंत्राची दुरुस्ती निघाली की आतला पाहुणा, त्याचे काम चालू ठेवूनच, दुसऱ्या यंत्रावर नेतात. त्याच्या स्मृतीची पाने हळूहळू पलीकडे पोचवायची आणि शेवटी क्षणभर त्याला थांबवून उरलेली न्यायची. त्या पाहुण्याजवळ एखाद्या रुग्णालयाचे दप्तर असते. नेमक्या त्याच वेळी कुणी तरी कुणाचा रक्तगट शोधत असते. जुन्या घरी असलेला गुण नव्या घरी नसला, तर सवयीने त्याकडे हात टाकणारे काम जागच्या जागी कोसळते. म्हणून सगळ्या यजमानांना जेवढे येते तेवढेच पाहुण्याला सांगायचे. महागाचे यंत्र आणून त्याचे चार गुण झाकून ठेवणे ही व्यवहारी माणसाला उधळपट्टी वाटेल. पण ती दिलेल्या शब्दाची किंमत आहे.

हा शब्द पाळणे नेहमी सोपे नसते. ऑगस्ट 2014 मध्ये इंटेलच्या ‘हॅसवेल’ जातीच्या प्रोसेसरांतील ‘टीएसएक्स’ नावाच्या सोयीत दोष निघाला आणि ती बंद करण्याची तजवीज करावी लागली. आभासी यंत्रे चालवणाऱ्या ‘क्यूएमू’ या प्रणालीच्या कर्त्यांपुढे पेच पडला. आपल्या यादीतल्या ‘हॅसवेल’ या नावाखालून ती सोय खोडावी काय? खोडली तर एकाच नावाचे दोन अर्थ होणार, आणि चालता पाहुणा एका घरून दुसऱ्या घरी नेताना घोटाळा होणार! 2015 साली त्यांनी जुने नाव होते तसेच राहू दिले आणि त्याच्या शेजारी ‘हॅसवेल-नो-टीएसएक्स’ असे नवे नाव मांडले. जानेवारी 2018 मध्ये ‘स्पेक्टर’ नावाचा दोष उघडकीस आला आणि बचावासाठी पाहुण्यांना नवे गुण द्यावे लागले, तेव्हाही हीच रीत कामी आली. मौज अशी की, नवा गुण द्यायचा तर पाहुण्याला पुरते बंद करून यजमानाने नव्याने उठवावे लागते. आतल्या आत ‘रीस्टार्ट’ करून भागत नाही. जुनेच उत्तर कायम राहते. काढून घेण्याला जशी वेळ पाहावी लागते, तशी देण्यालाही पाहावी लागते.

माणसांना मात्र बंद करून पुन्हा उठवता येत नाही. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतल्या पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यांत माझी मावशी होती. स्वतंत्र संडास, लिफ्ट, भरपूर उजेड. मावशी हरखून गेली होती. पण पहाटे अंधारात उठली की तिचा हात दाराच्या डाव्या अंगाला जाई. चाळीत तिथे खुंटी होती आणि खुंटीला तिच्या चष्म्याची पिशवी. नव्या घरी तिथे नुसती गुळगुळीत भिंत! एकदा तोल जाऊन ती पडता पडता वाचली. नव्या भिंतीला खिळा लावायचा नाही, असा सूनबाईंचा पण होता. पण त्या दिवशी त्यांनीच हातोडी आणून दिली. पितळी हूक हवे तिथे लागले आणि जुनी खुंटी जुन्याच जागी राहिली.

आमच्या इमारतीचीही पाळी येईल. मोठे घर आम्हांला हवेच आहे; चाळीच्या आठवणींनी कुणाचे गुडघे बरे होत नाहीत. आईला काय काय नवे मिळणार, याची यादी धाकट्याने केव्हाच करून ठेवली आहे. मी तिच्याखाली एकच ओळ लिहिली आहे: आईची खुंटी, दाराच्या डावीकडे, जमिनीपासून चार फूट दोन इंच.