अण्णाला काढू की ठेवू?

तर झालं असं, की दोन वर्षांपूर्वी जूनमधल्या एका मंगळवारी दुपारी माझी नोकरी गेली. अकरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, त्यात ‘रीस्ट्रक्चरिंग’ हा शब्द चार वेळा. (मी मोजत होते. मास कॉमची डिग्री कुठेतरी कामी यायलाच हवी ना!) त्याच कॉलवर आमच्या डेस्कवरचे काका होते. वय बावन्न. कॉपी कशी कापायची हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांनी कॅमेरा बंद ठेवला होता. नंतर मी त्यांना फोन केला नाही. काय बोलणार होते?

फ्रीलान्सिंगचे पहिले दिवस म्हणजे सकाळी लॅपटॉप उघडायचा आणि कुणाचाच मेल नाही हे बघून पुन्हा चहा टाकायचा. अशात कोल्हापूरहून धाकट्या भावाचा मेसेज आला, “ताई, हॅटट्रिक खेळ. डोकं शांत हुईल.” शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस बघत वाढलेला हा प्राणी! त्याचं स्वतःचं डोकं शांत झालेलं मी कधी बघितलेलं नाही. तरी ऐकलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हॅटट्रिक हा १९९७ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेला ऑनलाइन फुटबॉल मॅनेजमेंट गेम. यात तुम्ही बॉलला पाय लावत नाही. क्लब चालवता. खेळाडू घ्या, विका, पगार द्या, स्टेडियम बांधा. मॅच दिसते ती कॉमेंट्रीच्या ओळींमधून, ग्राफिक्सच्या नावानं शंख. आणि सगळं चालतं खऱ्या कॅलेंडरवर. आठवड्याला लीगची एक मॅच, सीझन सोळा आठवड्यांचा, आणि खेळाडू एका वर्षानं मोठा व्हायला ११२ दिवस लागतात. फास्ट फॉरवर्ड नाही. ज्यांना दोन मिनिटं लिफ्टची वाट बघवत नाही, त्यांनी लांबच राहावं.

माझ्या क्लबचं नाव ‘तांबडा रस्सा एफसी’. दुसऱ्याच सीझनला आम्ही नशिबानं वरच्या डिव्हिजनमध्ये गेलो आणि माझ्या डोक्यात हवा गेली. रात्री दोन वाजता लिलावात एकतीस वर्षांच्या स्ट्रायकरवर बोली लावत बसले. या लिलावाची गंमत अशी की शेवटच्या क्षणी कुणी बोली लावली की वेळ तीन मिनिटांनी वाढते. समोरचा वाढवतोय, मी वाढवतेय, घड्याळ पुढे सरकतंय. जिंकले! मग कळलं की त्याचा आठवड्याचा पगार अख्ख्या डिफेन्सपेक्षा जास्त आहे. सहा मॅच हरलो, कर्ज झालं, त्यावर व्याज. कर्ज मर्यादेबाहेर गेलं तर क्लबच बंद होतो. सीझन संपला तेव्हा आम्ही तळाला होतो. गेलो खाली.

आता खरं काम. भावानं फोनवर तासभर क्लास घेतला. “मिडफिल्ड बघ आधी. बॉल ज्याच्याकडं, चान्स त्याचे.” म्हणजे सतरा-अठरा वर्षांची पोरं आणायची, त्यांना प्लेमेकिंगचं ट्रेनिंग द्यायचं. पण हॅटट्रिकमध्ये ट्रेनिंग फुकट मिळत नाही. त्या आठवड्यात जो त्या जागेवर मैदानात उतरला, त्यालाच ते मिळतं. मिडफिल्डच्या मधोमध जागा तीन. लीगमध्ये तीन पोरं, आठवड्याच्या मधल्या फ्रेंडलीत दुसरी तीन. पोरं शिकणार म्हणजे पोरंच खेळणार, आणि पोरं खेळणार म्हणजे आपण हरणार. अख्खा सीझन हरलो. खेळाडूंचं कौशल्य इथे शब्दांत लिहिलेलं असतं, ‘अस्तित्वात नसलेलं’पासून ‘दैवी’पर्यंत. एखाद्या पोराचा शब्द एका पायरीनं बदलला की मी भाजीवाल्याला सुटे पैसे विसरून येत होते.

स्ट्रायकर तोट्यात विकला. तरी पगारांचा आकडा खाली येईना. मग मी वहीत यादी केली. कुणाला ठेवायचं, कुणाला नाही. बाजारात ज्यांना कुणी घेत नाही त्यांना सरळ काढून टाकायची सोय आहे. चौघांना काढलं. पाचवा होता गोलकीपर. तेहतीस वर्षांचा, पहिल्या दिवसापासूनचा कॅप्टन. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. वहीत त्याच्या नावापुढे मी लिहिलं होतं, ‘कॉस्ट जास्त, भविष्यात उपयोग नाही’.

लिहून झाल्यावर वाचलं आणि वही बंद केली. हे वाक्य मी ऐकलं होतं. शब्द जरा गुळगुळीत होते तेव्हा, एवढंच.

“अगं, कशाला पाळलायंस त्या म्हाताऱ्याला? काढून टाक की,” भाऊ म्हणाला. त्याचं बरोबरच होतं म्हणा. अण्णा म्हणजे कोडच्या चार ओळी, त्याला घरी ईएमआय नाही. तरी माझं बोट त्या बटणावर जाईना. आठवडाभर वेळ काढला आणि मग नियम वाचत बसले. (हे आधी करायला हवं होतं, मान्य!) तर त्यात असं, की क्लबमध्ये पुरेसा काळ काढलेल्या खेळाडूला कोच करता येतं. पैसे मोजावे लागतात, पण नेतृत्व चांगलं असेल तर टीमचा मूड सावरतो. अण्णाचं नेतृत्व चांगलं होतं, मी तो रकाना कधी बघितलाच नव्हता.

त्या सीझनच्या शेवटी एक तयार झालेला मिडफिल्डर विकला. चांगले पैसे आले. कर्ज फेडलं, उरलेल्यातून अण्णाला कोच केलं. भावानं फक्त हात जोडल्याचा इमोजी पाठवला.

त्याच रविवारी मी काकांना फोन केला. जवळजवळ दीड वर्षानं. पहिली दोन मिनिटं नुसतं पावसावर. मग म्हणाले, “घरीच असतो. मुलीच्या प्रोजेक्टची प्रुफं तपासतो, दुसरं काय!” मी म्हटलं, “काका, माझ्या कॉप्या बघाल? फुकट नाही हं. मानधनातला वाटा देईन, पेमेंट आल्यावर.” ते हसले. “पेमेंट येतं का पण?”

येतं. साठ दिवसांनी, दोन रिमाइंडरनंतर, पण येतं.

तांबडा रस्सा सध्या आठात पाचवा आहे. पोरं आता एकवीस-बावीसची झाली आहेत. वर जायला अजून एखादा सीझन तरी लागेल, म्हणजे चार महिने. हा लेखही काकांनी बघितलाय. सव्वाशे शब्द उडवले आणि खाली लिहिलं, ‘फुटबॉल कळला नाही. ऱ्हस्व-दीर्घ अजून तसंच आहे तुझं.’