झोपाळू विषाची गोष्ट

आम्ही पेशाने मराठीचे. मज्जाशास्त्र हा काही आमचा प्रांत नव्हे. पण मध्यंतरी एका शास्त्रज्ञाच्या संशोधनाची हकीकत वाचताना आम्ही एका शब्दापाशी थबकलो, आणि तेव्हापासून तो शब्द आमची पाठ सोडीत नाही. शब्द आहे 'कोनँटोकिन'. नाव एका विषारी द्रव्याचे. त्यातला 'कोन' आला 'कोनस' या शंकूच्या आकाराच्या समुद्री शंखावरून. पुढचा भाग मात्र ना ग्रीक ना लॅटिन. तो फिलिपिनो भाषेतला घरगुती शब्द, अर्थ 'झोपाळू'.

हे नाव ज्यांच्या प्रयोगशाळेतून आले ते बाल्डोमेरो ऑलिव्हेरा. जन्म १९४१ चा, फिलिपिन्समधला. पदवी मायदेशी घेऊन ते अमेरिकेत गेले, कॅलिफोर्नियात डॉक्टरेट मिळविली, आणि स्टॅनफर्डला डीएनएचे तुटलेले धागे सांधणाऱ्या विकरावर नाव घेण्याजोगे काम केले. मग मायदेशी परतले, तो त्या कामाला लागणारी उपकरणेच तेथे नव्हती! सरकारी शाळेची प्रयोगशाळा ज्याने सांभाळली आहे त्याला ही अवस्था समजावून सांगायला नको. ऑलिव्हेरांना लहानपणापासून शंख जमविण्याचा छंद होता. कोनस जातीचा एक शंख असा, की त्याच्या डंखाने धडधाकट माणूस दगावतो. आतला जीव गोगलगायीसारखा मंद. पण भाल्यासारखा पोकळ दात मारून पोहणाऱ्या माशाला क्षणात लुळा करतो. ते विष काय असावे, हे शोधायला भारी यंत्रे लागत नव्हती. शंख त्यांच्याच किनाऱ्यावरचे होते.

पहिले फळ काहीसे निराशेचेच निघाले. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचू न देणारा घटक हाती लागला. पण नागाचे विषही साधारण तेच करते. यात नवे ते काय?

नवे ते पुढे अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात सापडले, आणि त्याची वाट एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दाखविली. तोवर विष उंदराच्या पोटात टोचीत असत. क्रेग क्लार्क या मुलाने विषाचे घटक वेगवेगळे करून ते थेट मेंदूत टोचून पाहिले. एका घटकाने उंदीर थरथरू लागला, दुसऱ्याने झोपी गेला. जे एक विष वाटत होते, ते शंभराहून अधिक विषांचे मिश्रण निघाले.

'विषस्य विषमौषधम्' हे वचन आपण फार सैलपणे उच्चारतो. येथे गोष्ट त्याहून बारीक आहे. मज्जापेशीच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. त्यांतून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे विद्युत्‌भारित कण, म्हणजे आयन, ये-जा करतात. ही दारे उघडतात-मिटतात म्हणून तर बोट भाजल्याचे आपल्याला कळते. दारांचे प्रकार अनेक, आणि शंखाच्या विषातला एकेक घटक नेमके एकच दार ओळखतो. म्हणून जगभरच्या संशोधकांना ही विषे दारे पारखण्याचे साधन झाली.

त्याच प्रयोगशाळेत मायकेल मॅकिन्टॉश या, नुकतीच शाळा संपवून आलेल्या मुलाने कोनस मेगस या शंखाच्या विषातून पंचवीस अमिनो आम्लांचा एक घटक वेगळा केला. वेदनेचा निरोप मज्जारज्जूत पुढे पाठविणारे कॅल्शियमचे दार तो बंद करतो. त्याचेच 'झिकोनोटाइड' नावाचे औषध झाले. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मॉर्फीनची मात्रा कालांतराने वाढवावी लागते, तशी याची लागत नाही. पण हे औषध पंपाने पाठीच्या कण्यातील द्रवात सोडावे लागते, आणि रोग्याला भ्रमही होऊ शकतो. तेव्हा ते असह्य, चिवट वेदनांपुरतेच. रामबाण म्हणून त्याचे ढोल वाजविणे आम्हाला रुचत नाही.

आमचे मन मात्र त्या झोपाळू विषाशीच घोटाळते. दोन आठवड्यांच्या आतले उंदराचे पिलू त्याने गाढ झोपते. तीन आठवड्यांवरचे मात्र उलट पिंजराभर धावत सुटते. असे विलक्षण द्रव्य हाती आले, आणि परदेशात, इंग्रजीत निबंध लिहिणाऱ्या या गृहस्थांना त्याचे बारसे करताना आपली भाषा आठवली. आपल्याकडचे पालक आम्हाला विचारतात, "मास्तर, सायन्सला जायचंय मुलाला, घरी मराठी बोलून काय फायदा?" अशा वेळी आम्ही हल्ली वाद घालीत नाही, हा शब्द सांगतो. काही ऐकतात, काही घड्याळ बघतात.

आमच्या शाळेचे माध्यम हिंदी. अकरावीत मराठी घरची मुले पाच-सहा. त्यांना आम्ही विचारले, हे विष तुम्हाला सापडले असते तर नाव काय ठेवले असते? दोघे गप्प राहिले. एकाने 'कोनझोप' म्हणून हशा पिकविला. एक मुलगी दुसऱ्या दिवशी आजीला विचारून आली आणि फळ्यावर तिने लिहिले, 'पेंगुळ'.